घरशाळेतील नव्या शैक्षणिक वर्षाचा आरंभ : एकाहून अधिक लहान मुलांच्या संदर्भात

प्रस्तावना :

शिक्षण म्हटले की शाळेची इमारत, इयत्ता, वेळापत्रक आणि घंटा या गोष्टी ओघानेच डोळ्यांसमोर येतात. तथापि मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा मार्ग जगातील अनेक देशांत काही कुटुंबांनी स्वीकारलेला आहे. भारतातही, विशेषतः मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत, असा विचार करणारे पालक आढळतात. या शिक्षणपद्धतीस इंग्रजीत होमस्कूलिंग म्हणतात. मराठीत तिच्यासाठी 'गृहशिक्षण' किंवा 'घरशाळा' असे शब्द वापरले जातात. गृहशिक्षणाविषयीची चर्चा बहुधा 'ते योग्य की अयोग्य' या प्रश्नापाशीच थांबते. ते प्रत्यक्षात कसे चालते, त्यात कोणाचे किती श्रम खर्ची पडतात आणि त्याचे यशापयश कशावर अवलंबून असते, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते.

एकच मूल घरी शिकत असेल तर प्रश्न मर्यादित असतो. परंतु आठ, सहा, चार आणि दीड वर्षांची चार भावंडे एकाच घरात आणि शिकविणारी व्यक्ती एकच, अशी स्थिती असेल तर नव्या शैक्षणिक वर्षाचा आरंभ हीच एक कसोटी ठरते. प्रस्तुत लेखात या आरंभाच्या नियोजनाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. गृहशिक्षणाची संकल्पना, पार्श्वभूमी व कायदेशीर चौकट यांचा थोडक्यात परिचय करून देणे.
२. भिन्न वयाच्या मुलांना एकत्र शिकविण्याच्या परंपरेचा मागोवा घेणे.
३. अनेक लहान मुले असलेल्या घरात वर्षारंभाचे नियोजन कोणत्या तत्त्वांवर करावे हे विशद करणे.
४. या व्यवस्थेच्या मर्यादा व त्यांतील सामाजिक प्रश्न निदर्शनास आणणे.

गृहशिक्षण : संकल्पना व पार्श्वभूमी

सार्वत्रिक शालेय शिक्षण ही प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे. त्यापूर्वी घर, कुलपरंपरागत व्यवसाय आणि धर्मसंस्था हीच बहुसंख्य मुलांची शिक्षणकेंद्रे होती. त्यामुळे घरी शिकणे ही मुळात नवी गोष्ट नाही. शाळा सर्वत्र उपलब्ध झाल्यानंतरही विचारपूर्वक घर निवडणे, ही मात्र आधुनिक घटना आहे.

इंग्लंडमध्ये शार्लट मेसन (१८४२-१९२३) यांचा 'होम एज्युकेशन' हा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने अभ्यासक्रम पाठविण्याची व्यवस्था उभी केली. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षणचिंतकाने १९७७ मध्ये 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले आणि आधुनिक गृहशिक्षण चळवळीस वैचारिक अधिष्ठान दिले. धार्मिक कारणांनी शाळा नाकारणाऱ्या कुटुंबांचा दुसरा प्रवाहही त्याच सुमारास बळावला. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गृहशिक्षणास कायदेशीर मान्यता मिळाली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या अंदाजानुसार घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या १९९९ मध्ये सुमारे साडेआठ लाख होती. २००७ मध्ये ती सुमारे पंधरा लाखांवर गेली. याच सर्वेक्षणांतून दोन बाबी स्पष्ट झाल्या. घरी शिकणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले तीन किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबांतील होती. तसेच आईवडिलांपैकी एकच जण अर्थार्जन करतो अशा कुटुंबांचे प्रमाण त्यांत लक्षणीय होते. म्हणजेच अनेक मुले आणि घरी थांबणारी एक प्रौढ व्यक्ती हे चित्र गृहशिक्षणात अपवादात्मक नाही.

मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि हा प्रश्न गृहशिक्षण न निवडलेल्या कुटुंबांच्याही दारात आला. दोन-तीन भावंडे, एक मोबाईल आणि घरकामात गुंतलेली आई, हा अनुभव तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य घरांनी घेतला. तो काळ सरला, परंतु 'एका घरात अनेक इयत्ता' हा प्रश्न समजून घेण्याची निकड त्याने सर्वांच्या लक्षात आणून दिली.

कायद्याची चौकट :

गृहशिक्षणाविषयी निरनिराळ्या देशांची भूमिका भिन्न आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याचे कलम ७ मुलांना शाळेत 'किंवा अन्य प्रकारे' शिक्षण देण्याची मुभा पालकांना देते. जर्मनीत शाळेतील उपस्थिती सक्तीची असून गृहशिक्षणास अगदी अपवादात्मक परिस्थितीतच वाव आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. न्यूयॉर्क राज्यात पालकांना वर्षारंभी सूचनापत्र आणि वैयक्तिक अध्यापन आराखडा सादर करावा लागतो व दर तिमाहीस अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात वर्षाला १८० दिवसांच्या किंवा प्राथमिक स्तरावर ९०० तासांच्या अध्यापनाची अट आहे. अशा ठिकाणी वर्षाचा आरंभ हा कायदेशीर कर्तव्याचाही आरंभ असतो.

भारतात २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ अ अन्वये ६ ते १४ वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि कलम ५१ अ मध्ये पालकांच्या कर्तव्याचा समावेश झाला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १० नुसार मुलास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र त्याच्या उल्लंघनाबद्दल पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. गृहशिक्षणास स्पष्ट मान्यता देणारे वा त्यास स्पष्टपणे मनाई करणारे कलमही अधिनियमात नाही. त्यामुळे भारतातील घरशाळा कायद्याच्या दृष्टीने काहीशा संदिग्ध भूमीवर उभी आहे, हे पालकांनी आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

व्यवहारात दोन वाटा उपलब्ध आहेत. कलम ४ अन्वये, सहा वर्षांवरील जे मूल शाळेत दाखल झालेले नाही त्यास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे घरी शिकणाऱ्या मुलासाठी शाळेचे दार बंद होत नाही. दुसरे असे की, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस वयाची चौदा वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी बसू शकतो.

मूळ प्रश्न : विषयांचा नव्हे, लक्षाचा

अनेक पालक वर्षारंभी पुस्तके, वह्या, तक्ते आणि शैक्षणिक साधने यांची जमवाजमव करतात. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र वेळापत्रक भिंतीवर लावले जाते. पहिले काही दिवस उत्साहात जातात आणि लवकरच वेळापत्रक कोलमडते. याचे कारण पालकांची अपुरी इच्छाशक्ती हे नसून नियोजनाच्या पायातच असते. घरशाळेत पुस्तकांची टंचाई नसते. बालभारतीची पाठ्यपुस्तके तर संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. टंचाई असते ती शिकविणाऱ्या प्रौढाच्या अविभाजित लक्षाची. हे एका साध्या हिशेबाने दाखविता येईल.

समजा, आठ वर्षांच्या मुलीस भाषा, गणित, परिसर अभ्यास व इंग्रजी हे चार विषय प्रत्येकी ३० मिनिटे शिकवावयाचे आहेत. एकूण १२० मिनिटे. सहा वर्षांच्या मुलास तेच चार विषय प्रत्येकी २० मिनिटे. एकूण ८० मिनिटे. चार वर्षांच्या मुलीस गाणी, गोष्टी व हस्तकौशल्य यांसाठी ४० मिनिटे. ही बेरीज २४० मिनिटे, म्हणजे चार तास होते. या चार तासांत दीड वर्षाच्या मुलाचे खाणे, झोप, रडणे आणि रांगत-चालत सर्वत्र पोहोचणे चालूच राहणार. स्वयंपाक, धुणीभांडी आणि आल्यागेल्याचे पाहणे हे वेगळेच. याउलट परिसर अभ्यास, गोष्ट, गाणी, चित्रकला आणि इंग्रजी संभाषण यांसाठी सर्वांचा मिळून ६० मिनिटांचा सामायिक वेळ ठेवला आणि वैयक्तिक अध्यापन केवळ वाचन-लेखन व गणित यांपुरते राखले, तर मोठीसाठी ४०, दुसऱ्यासाठी ३० आणि तिसरीसाठी १० मिनिटे पुरतात. एकूण बेरीज १४० मिनिटे होते. मुलांच्या वाट्याला येणारा अनुभव कमी होत नाही, मात्र प्रौढाच्या लक्षावरील भार १०० मिनिटांनी हलका होतो.

शाळेच्या वेळेशी तुलना करून अनेक पालक धास्तावतात. २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन-तास सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. परंतु ते चार तास तीस मुलांच्या वर्गासाठी आहेत. त्यांत हजेरी, शिस्त, वह्या तपासणे आणि वाट पाहणे हे सारे अंतर्भूत असते. तीन मुलांच्या घरशाळेस त्या तासांची नक्कल करण्याचे कारण नाही. २०० दिवसांचे सातत्य हा मात्र घरशाळेनेही स्वीकारावा असा दंडक आहे.

भिन्न वयांचे एकत्र शिक्षण : एक परंपरा

एकाच वयाची मुले एका वर्गात बसविण्याची रीत सोयीची असली तरी ती एकमेव रीत नाही. मारिया मॉण्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे सुमारे तीन ते सहा वर्षांची मुले एकाच दालनात वावरत. धाकटी मुले मोठ्यांचे पाहून शिकत आणि मोठी मुले धाकट्यांना दाखविता दाखविता आपले ज्ञान पक्के करीत. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनीही मूल आज दुसऱ्याच्या साहाय्याने जे करू शकते ते उद्या स्वतंत्रपणे करू शकते, या विचारास मध्यवर्ती स्थान दिले. हे साहाय्य करणारी व्यक्ती शिक्षकच असावी असे नाही; अधिक जाणकार सोबतीही ते करू शकतो.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध निकटचा आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य आताच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना असे दिसले की मोठ्या मुलांकडे, विशेषतः मुलींकडे, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम असते. त्यावर 'विकासवाडी' हा उपाय योजण्यात आला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. बाळ पाळणाघरात, मधले भावंड बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात, अशी सोय झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेणारी 'कुरणशाळा' हाही याच दृष्टीचा आविष्कार होता.

विकासवाडीचा मथितार्थ घरशाळेलाही लागू पडतो. धाकट्याची व्यवस्था लागल्याखेरीज मोठ्याचे शिक्षण होत नाही. म्हणून नियोजनाचा आरंभ सर्वांत मोठ्या मुलाच्या अभ्यासक्रमापासून न करता सर्वांत लहान मुलाच्या दिनक्रमापासून करावा.

आपल्याकडील लहान गावांतील दोनशिक्षकी शाळाही याच प्रश्नास रोज सामोऱ्या जातात. २००९ च्या अधिनियमानुसार पहिली ते पाचवीत साठपर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक असतात. साहजिकच एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता येतात. अशा बहुवर्ग अध्यापनात एका गटास प्रत्यक्ष शिकविणे, दुसऱ्यास स्वाध्याय देणे आणि तिसऱ्यास गटप्रमुखाच्या देखरेखीखाली सराव करू देणे, ही पद्धती अनुभवी शिक्षक वापरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे. त्यामुळे चार, सहा आणि आठ वर्षांच्या भावंडांना एका सूत्रात शिकविणे हे शैक्षणिक विचाराशीही सुसंगत ठरते.

वर्षारंभाचे नियोजन : सहा तत्त्वे

(१) आढावा : पुस्तके घेण्यापूर्वी प्रत्येक मूल कोठे उभे आहे ते पाहावे. त्यासाठी परीक्षेची आवश्यकता नाही. मोठीने अनोळखी परिच्छेद वाचून तो आपल्या शब्दांत सांगावा. शंभरपर्यंतच्या संख्यांची बेरीज-वजाबाकी करावी. दुसऱ्याने जोडाक्षरविरहित शब्द वाचावेत आणि वीस वस्तू मोजाव्यात. तिसरीने गोष्टीतील घटनांचा क्रम सांगावा. सुट्टीत काही गोष्टी विस्मरणात जातात. पहिले दोन-तीन आठवडे उजळणीस देणे म्हणूनच योग्य ठरते. इयत्तेचे लेबल बाजूस ठेवले तर एखादे मूल वाचनात पुढे आणि गणितात मागे असल्याचे सहज ध्यानात येते.

(२) धाकट्यापासून आरंभ : दीड वर्षाच्या मुलाच्या झोपेची वेळ ही घरातील सर्वांत मौल्यवान वेळ होय. ज्या विषयास अखंड लक्ष लागते तो, म्हणजे बहुधा नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाचे वाचन, त्या वेळेत ठेवावा. मूल जागे असताना सामायिक कार्यक्रम घ्यावेत, कारण गाण्यात आणि चित्रात तेही सामावून जाते. धाकट्यासाठी डबे, झाकणे, लाकडी ठोकळे व कापडी पिशव्या यांची एक पेटी राखून ठेवावी आणि ती केवळ अभ्यासाच्या वेळीच बाहेर काढावी. रोज हाती लागणाऱ्या वस्तूचे नावीन्य टिकत नाही. बारीक मणी, बिया, नाणी, कात्री यांसारख्या वस्तू मात्र मोठ्यांच्या कामाच्या असल्या तरी उंच फळीवरच असाव्यात.

(३) सामायिक गाभा : एक विषय, अनेक पातळ्या, असे याचे सूत्र सांगता येईल. महाराष्ट्रात शालेय वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. विदर्भात उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे ते जूनच्या उत्तरार्धात सुरू होते. या दिवसांत पावसाइतका सोयीचा विषय दुसरा नाही. सरळ कडांच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून मोठी रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजेल, तक्ता करील आणि आठवड्याची बेरीज मांडेल. दुसरा कॅलेंडरवर पावसाच्या दिवसांना खूण करून त्यांची संख्या लिहील. तिसरी एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतून 'जास्त' व 'कमी' यांचा अनुभव घेईल. धाकटा पाण्यात हात घालून बसेल. शिकविणाऱ्याने बोलावयाचे ते एकदाच. त्यातून घ्यावयाचे ते प्रत्येकाने आपल्या वयानुसार. पुढे पेरणी, पोळा, गणेशोत्सव, कापणी, दिवाळी असे ऋतू आणि सण स्वतःच अभ्यासक्रमाची रूपरेषा पुरवितात.

(४) लहान पाठ : शार्लट मेसन यांनी लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांचे पाठ सुचविले आणि ऐकलेले मुलाने आपल्या शब्दांत परत सांगावे, या पद्धतीवर भर दिला. अनेक मुलांच्या घरात या दोन्ही गोष्टी विशेष उपयुक्त ठरतात. पाठ लहान असल्याने व्यत्यय आला तरी हानी थोडी होते. परत सांगण्यास वही लागत नाही. आई भाजी निवडत असताना मूल सांगू शकते आणि आकलन तेथेच तपासले जाते.

(५) टप्प्याटप्प्याने आरंभ : सर्व विषय पहिल्या दिवशी सुरू करण्याचा मोह टाळावा. पहिल्या आठवड्यात फक्त दिनक्रम बसवावा : ठरलेल्या वेळी उठणे, न्याहारी, एकत्र बसून गोष्ट व गाणी. दुसऱ्या आठवड्यात वाचन-लेखन, तिसऱ्यात गणित आणि चौथ्यात परिसर अभ्यास व अन्य उपक्रम यांची भर घालावी. नवी सवय एका वेळी एकच लावली तर मुलांना ती पेलते आणि कोणती गोष्ट बिनसते आहे हे शिकविणाऱ्यासही कळते. एका महिन्याने थांबून वेळापत्रकाचा फेरविचार करावा. आजारपण, पाहुणे व सणवार यांसाठी आठवड्यातील एक दिवस मोकळा ठेवला तर मागे पडल्याची भावना निर्माण होत नाही. आठवड्यात पाच दिवस धरले तर २०० दिवसांना ४० आठवडे लागतात. चार दिवस धरले तर ५० आठवडे लागतील. म्हणून मोकळा दिवस हवा असल्यास शनिवारचा थोडा वेळ जोडून घ्यावा लागतो, हेही आरंभीच मोजून पाहावे.

(६) नोंदी : प्रत्येक मुलासाठी एक वही किंवा फाईल असावी. तीत दिनांक, वाचलेली पुस्तके, महिन्यातून एकदा जपून ठेवलेला हस्ताक्षराचा नमुना, एखादे चित्र आणि एक-दोन निरीक्षणे असावीत. भारतात असे अहवाल कोणी मागत नसले तरी पुढे शाळेत प्रवेश घ्यावयाचा झाल्यास वयानुरूप वर्ग ठरविताना या नोंदी उपयोगी पडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार मुलांच्या धावपळीत जे मूल शांत असते ते दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो. आठवड्याच्या अखेरीस ज्याच्या वहीत एकही ओळ नाही त्याकडे लक्ष गेलेले नाही, असे वहीच सांगते.

मर्यादा व सामाजिक प्रश्न :

गृहशिक्षणाचा विचार करताना श्रमांचा प्रश्न टाळता येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. या २९९ मिनिटांवर अध्यापनाची आणखी १४० मिनिटे चढविली की दिवस सव्वासात तासांहून अधिक विनावेतन कामाचा होतो. आणि त्यात बाळाचे संगोपन धरलेलेच नाही. म्हणून वर्षारंभाच्या नियोजनात 'कोण काय शिकविणार' याबरोबरच 'स्वयंपाक कोण करणार, बाळाला कोण सांभाळणार' हेही लिहून काढणे आवश्यक आहे. वडिलांनी सायंकाळी गणित घेणे, आजी-आजोबांनी गोष्टी सांगणे, शेजारच्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर आठवड्यातून एक दिवस एकत्र शिकणे, असे पर्याय अंगीकारले नाहीत तर घरशाळा ही एका स्त्रीच्या थकव्यावर उभी राहिलेली संस्था ठरेल.

दुसरा धोका मोठ्या भावंडाच्या बाबतीत संभवतो. मोठ्याने धाकट्यास शिकवावे हा विचार जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मुलांकडून मुलांना शिकविण्याची पद्धत राबविली आणि ती पुढे इंग्लंडमध्ये प्रसार पावली. अल्प खर्चात पुष्कळांना शिकविण्याचे साधन म्हणून ती गाजली. पण यांत्रिक घोकंपट्टीचे साधन म्हणून तिच्यावर टीकाही झाली. आठ वर्षांच्या मुलीने भावास दहा मिनिटे वाचून दाखविणे हे तिच्याही वाचनास पोषक असते. तीच मुलगी रोज दोन तास बाळास कडेवर घेऊन फिरू लागली तर ती घरी शिकत नसून घरी राबत आहे, असेच म्हणावे लागेल. कोसबाडला जो अडसर दूर करण्यासाठी पाळणाघर शाळेच्या आवारात आणावे लागले, तोच अडसर आपण नकळत घरात निर्माण करीत नाही ना, हे पालकांनी तपासावयास हवे. भारतीय कुटुंबात हा भार मुलापेक्षा मुलीवर पडण्याचा संभव अधिक असतो.

तिसरी मर्यादा सामाजिक संपर्काची आहे. भावंडे एकमेकांस सोबत देतात. तथापि भिन्न जाती, धर्म व आर्थिक स्तर यांतील मुलांबरोबर वावरण्याचे जे शिक्षण शाळेत, निदान तत्त्वतः, मिळते ते घरात मिळत नाही. मैदान, सार्वजनिक ग्रंथालय, बालनाट्य शिबिरे यांद्वारे ते जाणीवपूर्वक मिळवावे लागते. शिवाय शिकलेले पालक, पुरेशी जागा आणि एका मिळकतीवर चालणारा संसार ही ज्यांना उपलब्ध आहेत त्यांनाच हा मार्ग परवडतो. त्यामुळे गृहशिक्षण हा सार्वजनिक शाळेस पर्याय होऊ शकत नाही. फार तर तो काही कुटुंबांचा विचारपूर्वक केलेला अपवाद होय.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने औचित्य :

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांना दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु मुक्त विद्यालयाच्या मार्गाने आलेले विद्यार्थी महाविद्यालयांत प्रवेश घेत असतात आणि त्यांच्या शिक्षणाची पार्श्वभूमी समजून घेणे अध्यापकांस उपयुक्त ठरते. शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विद्याशाखांना येथे संशोधनास मोठा वाव आहे. भावंडांमधील परस्पर-अध्ययन, विनावेतन अध्यापनश्रमांचे मूल्य, बहुवर्ग शाळा व घरशाळा यांची तुलना, हे काही विषय सहज सुचण्यासारखे आहेत. शिवाय भिन्न क्षमतांचे विद्यार्थी एकाच वर्गात असणे हा महाविद्यालयातीलही नित्याचा अनुभव आहे. एक विषय अनेक पातळ्यांवर मांडण्याचे कौशल्य तेथेही तितकेच आवश्यक आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, अनेक लहान मुले असलेल्या घरशाळेत नव्या वर्षाचा आरंभ हा पुस्तकांच्या खरेदीचा वा वेळापत्रकाच्या रेखाटनाचा प्रश्न नसून मर्यादित लक्ष आणि श्रम यांच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न आहे. सर्वांत धाकट्याच्या दिनक्रमापासून आरंभ करणे, सामायिक गाभा मोठा व वैयक्तिक पाठ लहान ठेवणे, विषय क्रमाक्रमाने वाढविणे आणि नोंदींद्वारे प्रत्येक मुलाकडे लक्ष पुरविणे, ही त्या वाटपाची साधने होत. वर्ष यशस्वी झाले की नाही हे ठरविताना मुले किती धडे पुढे गेली एवढेच पाहणे पुरेसे नाही. शिकविणाऱ्या व्यक्तीस विश्रांती मिळाली का, आणि घरातील थोरल्या मुलीला तिच्या वाट्याचे वाचन, लेखन व खेळ पूर्णपणे मिळाले का, हे दोन प्रश्नही विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे होकारार्थी देता येतील अशी व्यवस्था जूनमध्येच लावणे, हेच वर्षारंभाच्या नियोजनाचे खरे प्रयोजन होय.